पंधरा किलोच्या डब्यातील बाग

इतिहासाच्या शिक्षकाने शाळेच्या स्मरणिकेत इतिहासावर लिहावे, अशी साधारण अपेक्षा असते. संपादक मंडळाने या वेळी मात्र मला वेगळा विषय सुचविला. भोजनगृहाच्या मागच्या दाराशी ओळीने मांडलेल्या डब्यांविषयी लिहा, असे त्यांनी सांगितले. भेटीला येणारे माजी विद्यार्थी आणि पालक त्या डब्यांपाशी हमखास थांबतात, पान चुरगळून वास घेतात आणि "सर, हे आमच्या घरी कसे करता येईल?" असे विचारतात. उभ्याउभ्या दिलेले उत्तर नेहमीच अपुरे राहते. तेच उत्तर येथे सविस्तर देण्याचा प्रयत्न करतो.

या बागेचे मूळ माझ्या लहानपणात आहे. आमच्या वस्तीतील बहुतेक घरांना जमीन नव्हती. आई दुसऱ्यांच्या शेतात निंदणाला जाई. आठवडी बाजारात भाजीवाल्यांची एक रीत होती, आणि ती अजूनही आहे : ज्याची पिशवी भरलेली, त्याला वरून मूठभर सांबार आणि गोडनिंबाची काडी फुकट. पाव किलो वांगी घेणाऱ्याला मात्र त्याच सांबाराचे वेगळे पैसे पडत. आई कधी मागत नसे. एका वर्षी दिवाळीच्या आधी तिने किराणा दुकानातून तेलाचा रिकामा पिपा आणला, खिळ्याने बुडाला भोके पाडली, माती भरली आणि मोरीजवळ ठेवून त्यात धणे पेरले. महिना-सव्वा महिन्याने आमच्या वरणावर हिरवी पाने दिसू लागली. शेत नसलेल्या घरातले ते पहिले पीक होते.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी येथेच सांगून ठेवतो : आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात आणि कढीपत्त्याला गोडनिंब. पुढे दोन्ही नावे येतील.

पहिल्या वर्षीची चूक

शाळेत ही बाग सुरू केली तेव्हा पहिल्याच वर्षी ती फसली, आणि चूक माझी होती. भोजनगृहात महिन्याला तेलाचे कितीतरी डबे रिकामे होतात. ते भंगारात जात. त्यांतले वीस-पंचवीस मी मागून घेतले आणि वसतिगृहाच्या गच्चीवर मांडले. गच्चीवर ऊन भरपूर, टाकीचे पाणी जवळ आणि गुराढोरांचा त्रास नाही, असा माझा हिशेब होता. हिवाळाभर रोपे सुंदर आली. पण भोजनगृहात त्यांतले पानही पोहोचले नाही. स्वयंपाकाच्या मावशींना मी कारण विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, तुमचा सांबार आणूस्तोर माही फोडणी जळून जाईन."

ही एक ओळ कुंड्यांच्या बागेवरील कोणत्याही पुस्तकापेक्षा मोलाची आहे. फोडणीत गोडनिंब टाकण्याचा क्षण अर्ध्या मिनिटाचा असतो. त्या वेळात जे हाताशी येईल तेच स्वयंपाकात पडते. पाने खुडली गेली नाहीत म्हणून सांबार फुलावर आला, पुदिना लांबट होऊन लवंडला आणि एप्रिलमध्ये गच्चीच्या तापलेल्या स्लॅबवर उरलेसुरले सारे वाळले. दूरच्या बागेकडे लक्ष राहत नाही, आणि लक्ष नसले की पाणीही राहत नाही.

दुसऱ्या वर्षी डबे भोजनगृहाच्या मागच्या दाराशी आले. चुलीपासून दहा-बारा पावले. तेव्हापासून बाग टिकली आहे.

जागा कशी निवडावी

पहिला नियम म्हणून हाच सांगतो : ज्या दारातून किंवा खिडकीतून स्वयंपाक करणाऱ्याचा हात सहज पोहोचेल, तेथे बाग असावी. मगच उन्हाचा विचार करावा. बहुतेक मसाल्याच्या पालेदार रोपांना दिवसाला चार ते सहा तास ऊन पुरते. पूर्वेकडची जागा सर्वांत चांगली, कारण सकाळचे ऊन कोवळे असते. पश्चिमेची जागा असेल तर हिवाळ्यात ती उत्तम. उन्हाळ्यात मात्र दुपारनंतर आडोसा करावा लागतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याहीपुढे जातो. तेव्हा जुनी साडी किंवा चादर दोरीवर बांधून सावली केली तरी पुष्कळ फरक पडतो. हिरवी जाळी मिळाली तर उत्तमच.

शहरात एका-दोन खोल्यांत राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांची अडचण वेगळी आहे. खिडकीचे ग्रील, दाराबाहेरची दोन फूट जागा, यांवरच त्यांना भागवावे लागते. ऊन दोन-तीन तासच येत असेल तर सांबार व मिरचीचा हट्ट धरू नये. पुदिना आणि पानओवा कमी उन्हातही तग धरतात. ग्रीलवर ठेवलेला डबा तारेने घट्ट बांधावा. ओल्या मातीने भरलेला डबा चांगलाच जड असतो, आणि खाली माणसे चालत असतात.

डबा

पंधरा किलोचा तेलाचा डबा सुमारे नऊ इंच लांब-रुंद आणि चौदा इंच उंच असतो. उभा ठेवून वरचे तोंड कापले, तर मिरची, आले, हळद आणि लहान गोडनिंब यांना पुरेशी खोली मिळते. आडवा ठेवून एक बाजू कापली, तर सांबार, मेथी आणि लसणाची पात यांसाठी पसरट वाफा तयार होतो. कापलेल्या कडा हातोडीने आत वळवून घ्याव्यात. मुलांचे हात त्यावरून फिरणार आहेत, हे विसरू नये.

बुडाला पेन्सिल जाईल एवढी पाच-सहा भोके हवीत. कुंडीतील रोपे पाण्यावाचून मरतात असे आपण समजतो. पण साचलेल्या पाण्याने मरणारी रोपेही कमी नसतात. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. माती सतत चिंब राहिली की मुळे कुजतात, पाने पिवळी पडतात, आणि आपण ते पाहून आणखी पाणी घालतो. भोकांवर फुटक्या कवेलूचे किंवा विटेचे तुकडे पालथे ठेवावेत, म्हणजे पाणी जाते आणि माती राहते. डबा दोन विटांवर ठेवावा. त्यामुळे बुडाची भोके मोकळी राहतात आणि पत्राही लवकर गंजत नाही.

पत्र्याचा दोष एकच : तो तापतो. बाहेरून चुन्याचा हात द्यावा किंवा बारदान गुंडाळावे. उन्हाळ्यात बारदानावर पाणी शिंपडले की डबा माठासारखा थंड राहतो. पत्रा दोन-तीन वर्षांत गंजून जातो. तेव्हा तो बदलावा.

प्लास्टिकची फुटकी बादली, जुना माठ, सिमेंटचे पोते, यांपैकी काहीही चालेल. मात्र कीटकनाशकाचा, तणनाशकाचा किंवा रसायनाचा डबा कितीही धुतला तरी खाण्याच्या रोपासाठी वापरू नये. रंगाचे डबेही टाळावेत. आपल्या भागात कापसावरील फवारणीचे रिकामे डबे घरोघरी आढळतात, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

माती

विदर्भातील काळी कापसाची माती शेतात सोने आहे; डब्यात तीच माती अडचण करते. ओली झाली की ती चिकट होते, वाळली की आक्रसून तिला भेगा पडतात आणि पाणी कडेने निघून जाते. नुसत्या काळ्या मातीत कुंडी भरू नये. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू किंवा नारळाचा भुसा, हे मिश्रण आमच्याकडे यशस्वी ठरले आहे. मूठभर ओले मिश्रण हातात दाबावे. गोळा झाला आणि बोटाने टिचकी मारताच सुटला, तर माती योग्य झाली असे समजावे. ताजे शेण कधीही घालू नये. कुजताना त्याची उष्णता मुळांना सोसत नाही. डबा काठोकाठ न भरता वर दीड-दोन इंच जागा सोडावी, म्हणजे पाणी ओसंडत नाही.

खत विकत आणण्याची गरज फार काळ राहत नाही. कांद्याची साले, भाज्यांची देठे, धुतलेला चहाचा चोथा आणि चुरलेली अंड्याची टरफले भोके पाडलेल्या एका वेगळ्या डब्यात टाकावीत. प्रत्येक थरावर तेवढाच वाळलेला पाला घालावा. शिजलेले, खारट आणि तेलकट अन्न त्यात नको. त्याने दुर्गंधी येते व उंदीर लागतात. आठवड्यातून एकदा काठीने ढवळले की दोन-तीन महिन्यांत काळे, भुरभुरीत खत तयार होते. त्याला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला, की ते वापरण्याजोगे झाले.

कोणती रोपे लावावीत

सांबार. सर्वांना हवा असतो आणि सर्वांत जास्त फसतो. धण्याचा एक दाणा म्हणजे दोन बियांची जोडी. लाटण्याने हलके रगडून तिचे दोन भाग करावेत. चुरा होऊ देऊ नये. रात्रभर पाण्यात भिजवून, अर्धा इंच खोल, ओळीत पेरावे. आठ ते बारा दिवसांत कोंब दिसतात आणि पस्तीस ते पंचेचाळीस दिवसांत पाने खुडण्याजोगी होतात. सांबाराचे सोटमूळ दुखावलेले सहन करीत नाही, म्हणून त्याचे रोप उपटून दुसरीकडे लावू नये; जेथे वाढवायचे तेथेच पेरावे. तो थंडीचा भोक्ता आहे. उष्णता वाढली की पाने बारीक होतात, मधून दांडा निघतो आणि फुले येतात. त्यात आपला दोष नसतो. एकाच वेळी सगळे धणे पेरू नयेत. दोन आडवे डबे ठेवून पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने पेरले, तर चार-पाच माणसांच्या घराला हिवाळाभर वरून घालण्यापुरता सांबार मिळतो.

पुदिना. बाजारातील जुडीतून चार जाड काड्या निवडाव्यात, खालची पाने काढून त्या पाण्याच्या पेल्यात ठेवाव्यात. आठ-दहा दिवसांत पांढरी मुळे फुटतात. मग मातीत लावाव्यात. पुदिन्याची खोडे मातीखालून धावतात आणि शेजाऱ्याची जागा बळकावतात, म्हणून त्याला स्वतंत्र डबा द्यावा. तो वारंवार खुडला तरच दाट होतो.

गोडनिंब. हे खरे तर झाड आहे आणि लिंबाच्या कुळातील आहे. मोठ्या झाडाच्या बुडाशी मुळांवर फुटलेले रोप काढून आणावे, किंवा पिकलेल्या काळ्या फळातील ताजी बी लावावी. बी जुनी झाली की उगवत नाही. पहिले वर्षभर ते फार सावकाश वाढते आणि लावणाऱ्याचा धीर सुटतो. त्या वर्षी पानांचा मोह टाळावा. नंतर शेंडे खुडले की बाजूने फांद्या फुटतात. दोन वर्षांनी त्याला डब्यातून अधिक मोठ्या कुंडीत हलवावे.

पानओवा. जाडसर, लवदार पानांचे हे रोप तुळस-पुदिन्याच्या कुळातील आहे. मसाल्यातला ओवा धणे-जिऱ्याच्या कुळातला. वास मिळताजुळता म्हणून नाव तेच पडले. बोटभर फांदी मातीत खोचली तरी जगते. पाणी कमी लागते. पावसाळ्यात त्याच्या पानांची भजी वसतिगृहात केली, तर त्या दिवशी मुलांना हाक मारावी लागत नाही.

गवती चहा. एखाद्याच्या बेटातून मुळासकट दोन-तीन काड्या मागून आणाव्यात. पाने बुडापासून वीतभर ठेवून कापावीत. ती पुन्हा फुटतात. कडा धारदार असतात, म्हणून लहान मुलांना कात्री द्यावी.

आले आणि हळद. मे-जूनमध्ये डोळे असलेला तुकडा दोन इंच खोल लावावा. पाने पिवळी पडून वाळू लागली, म्हणजे आठ-नऊ महिन्यांनी, डबा पालथा करून कंद काढावेत. आल्याला भर उन्हापेक्षा विरळ सावली मानवते.

लसूण. दिवाळीच्या सुमारास पाकळ्या टोक वर करून लावाव्यात. कुड्या मोठ्या होतीलच असे नाही. पण हिरवी पात झुणक्यात आणि ठेच्यात महिनाभर पुरते.

मिरची. दोन रोपे एका घराला पुरतात. इतिहासाचा शिक्षक म्हणून एक वाक्य लिहिण्याचा मोह आवरत नाही : ज्या मिरचीवाचून आपल्या ठेच्याची कल्पनाही करता येत नाही, ती मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती आपल्या किनाऱ्यावर आली. त्याआधी तिखटपणा मिरे, पिंपळी आणि आल्याकडून मिळत असे. उलट सांबार फार जुना. पाणिनीच्या व्याकरणात 'कुस्तुंबुरु' हा शब्द आहे, आणि 'कोथिंबीर' या शब्दाचे नाते त्याच्याशी जोडले जाते. आपल्या फोडणीत असे दूरदूरचे प्रवासी शेजारी-शेजारी तडतडत असतात.

पाणी आणि कीड

पाणी किती घालावे, याचे उत्तर घड्याळात नाही, बोटात आहे. तर्जनी पहिल्या पेरापर्यंत मातीत खुपसावी. ओल लागली तर थांबावे, कोरडे लागले तर पाणी द्यावे. साधारणपणे हिवाळ्यात एक दिवसाआड, उन्हाळ्यात सकाळी व संध्याकाळी, आणि पावसाळ्यात पाऊस उघडला तरच पाणी लागते. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी आणि भाज्या धुतलेले पाणी चालते. साबणाचे, मिठाचे किंवा गरम पाणी चालत नाही. आमच्याकडे एकदा भाताचा गरम मांड पुदिन्यावर ओतला गेला. हेतू पोषणाचा होता. पुदिना मात्र भाजला.

डब्यांखाली ताटल्या ठेवल्या असतील, तर त्यांतले पाणी आठवड्यातून किमान एकदा पूर्ण ओतून ताटल्या घासाव्यात. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. वसतिगृहाच्या दाराशी बाग करणाऱ्याने ही जबाबदारी आधी घ्यावी आणि बाग नंतर करावी.

मिरची व सांबारावर मावा पडतो. पहिल्या दिवसांत तो पाण्याच्या जोरकस फवाऱ्याने धुऊन जातो. तरीही राहिला, तर एक लिटर कोमट पाण्यात चहाचा चमचाभर निंबोळी तेल आणि साबणाचे दोन-चार थेंब ढवळून संध्याकाळी फवारावे. नंतर तीन-चार दिवस पाने खुडू नयेत, आणि खुडल्यावर नीट धुवावीत. शेतात फवारायचे औषध या डब्यांवर कधीही वापरू नये. येथील पान खुडल्यावर पाच मिनिटांत ताटात असते.

गोडनिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि पुढे हिरवी होणारी अळी आढळते. लिंबावर येते तीच ही; झाडाचे कूळ एक असल्याने तिला दोन्ही चालतात. लहान रोप ती दोन दिवसांत उघडे करते. आम्ही ती काठीने उचलून मैदानातल्या मोठ्या लिंबाच्या झाडावर सोडतो. विज्ञानाच्या बाईंनी एकदा वर्गात बरणीत अळी वाढविली. तिचे फुलपाखरू झाले तो दिवस मुलांच्या अजून लक्षात आहे.

वर्षाचे वेळापत्रक

जूनमध्ये डब्यांची माती उकरून, नवे खत मिसळून आले, हळद, मिरची, गवती चहा आणि फांद्यांपासून येणारी रोपे लावावीत. पावसाळ्यात सांबार सडतो. त्याची घाई करू नये. सप्टेंबरअखेर पाऊस ओसरला की सांबार व मेथीची पहिली पेरणी करावी. दिवाळीच्या सुमारास लसूण. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा भरभराटीचा काळ. मार्चपासून पेरणी थांबवून असलेली रोपे जगविण्याकडे लक्ष द्यावे. एप्रिल-मेमध्ये पुदिना आणि गोडनिंब जगले, तरी वर्ष चांगले गेले असे आम्ही मानतो. उन्हाळी सुटीत शाळा रिकामी होते, तेव्हा पाण्याची जबाबदारी कोणावर, हे परीक्षेपूर्वीच ठरवून ठेवावे लागते.

औषध आणि अन्न

या रोपांविषयी बोलताना कोणीतरी हमखास विचारते की कोणत्या पानाने कोणता आजार जातो. विनयपिटकात जीवकाची कथा आहे. तक्षशिलेच्या आचार्यांनी त्याला परिसरात योजनभर हिंडून औषधी नसलेली एखादी वनस्पती आणावयास सांगितले, आणि तो रिकाम्या हाताने परतला. ही कथा सांगून लोक प्रत्येक पानाला औषध ठरवितात. त्या वेळी जीवकाची सात वर्षे अध्ययनात गेलेली होती, हे मात्र कथेतले सोयीस्करपणे विसरले जाते. सर्दीत गवती चहा बरा वाटतो, पुदिन्याने तोंडाला चव येते, हे अनुभवाचे आहे. ताप उतरत नसेल, खोकला हटत नसेल, तर मुलाला डॉक्टरकडेच न्यावे. चिमूटभर पानांनी रक्तक्षय जात नाही. त्यासाठी डाळ, पालेभाज्या, अंडी आणि आवश्यक तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्याच हव्यात.

मग या पानांचा उपयोग काय? ती अन्नाला अन्न बनवितात. रोजचे तेच वरण मूल पुढ्यात सारून उठते. त्यावर ताजा सांबार असला तर तेच मूल आणखी एक पोळी मागते, हे भोजनगृहातल्या कोणालाही विचारावे. सांबार उतरवितानाच घालावा; फार शिजला की वासही जातो आणि क जीवनसत्त्वही घटते.

वनस्पती लावणे हे लोककल्याणाचे काम आहे, ही जाणीव आपल्या इतिहासात जुनी आहे. इसवी सन पूर्व तिसऱ्या शतकातील सम्राट अशोकाचा दुसरा शिलालेख, जो गिरनार येथेही कोरलेला आहे, माणसांसाठी आणि जनावरांसाठी दोन्ही प्रकारच्या उपचारांची व्यवस्था केल्याचे सांगतो. औषधी वनस्पती, मुळे आणि फळे जेथे नव्हती तेथे ती आणवून लावली, असे त्यात नमूद आहे. दहावीच्या मुलांना हा लेख मी आता डब्यांपाशी उभे राहून शिकवितो. 'जेथे नव्हती तेथे आणवून लावली' या शब्दांचा अर्थ तेथे अधिक लवकर समजतो.

मुलांचे डबे

दाराजवळचे डबे भोजनगृहाचे. त्यांच्या पलीकडची रांग मुलांची आहे. वसतिगृहाच्या प्रत्येक खोलीला दोन डबे दिलेले असतात. मुलगे आणि मुली, दोघांनीही पाणी घालायचे, खुडायचे आणि खुडलेले निवडून स्वयंपाकघरात नेऊन द्यायचे, असा नियम आहे. निवडणे-टिपणे हे केवळ मुलींचे काम नाही, हे सांगण्यासाठी वेगळे भाषण करावे लागत नाही.

काही वर्षांपूर्वी सहावीत नव्याने आलेला एक मुलगा महिनाभर जेवणावर बसून नुसता ताटाकडे पाहत असे. घरची आठवण होती. त्याच्याकडे पुदिन्याचा डबा सोपविला. मार्चमध्ये चार दिवस तो तापाने आजारी पडला आणि तेवढ्यात पुदिना वाळला. बरा झाल्यावर त्याने हे कोणालाही सांगितले नाही. डबा भिंतीआड सरकवून ठेवला आणि रोज पहाटे लपून तो त्यात पाणी घालत राहिला. मला कळले तेव्हा तो घाबरून म्हणाला, "सर, मला घरी पाठवाल का?" सरकारी असो वा खासगी, आपल्या मुलांनी अशा किती जागा पाहिल्या असतील, जेथे एक चूक झाली की काढून टाकले जाते! मी त्याच्यासमोर वाळलेल्या काड्या जमिनीलगत कापल्या आणि माती थोडी उकरून दाखविली. खाली पांढरी खोडे जिवंत होती. त्याच्या चार दिवसांच्या पहाटेच्या पाण्याने ती जगली होती. दहा दिवसांत नवे कोंब आले. त्या आठवड्यात त्याने स्वतः खुडलेल्या पुदिन्याची चटणी भोजनगृहात वाढली गेली. तो जेवला, एवढेच सांगतो.

या डब्यांनी वसतिगृहाची सगळी गरज भागते, असा दावा मी करणार नाही. एवढ्या पंगतीला बाजारातून जुड्या आणाव्याच लागतात. परंतु ज्या मुलांच्या घरी सातबारा नाही, त्यांना बी पेरण्यापासून ताटापर्यंतचा प्रवास आपल्या हाताने करता येतो. मातीत काम करणे त्यांच्या आई-वडिलांना चुकलेले नाही. त्या कामाचे फळ आपल्या ताटात पडल्याचा अनुभव मात्र अनेकांना कधी मिळाला नव्हता.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी तीनच डबे घ्यावेत : एक आडवा सांबारासाठी, एक पुदिन्यासाठी आणि एक गोडनिंबासाठी. वर्षभर ते सांभाळले की पुढचे आपोआप सुचते. आणि माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. पुढच्या मेळाव्याला येताना एक रिकामा डबा घेऊन यावे. पुदिन्याच्या काड्या आणि पानओव्याच्या फांद्या आमच्याकडे भरपूर आहेत. जाताना त्या घेऊन जाव्यात. पिशवी भरलेली असो वा रिकामी, येथे प्रत्येकाला मूठभर सांबार मिळेल.